डासाचं एक अक्षर आणि चार भाषा : नव्याने शिकणाऱ्यांसाठी

चिनी शिकायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. एका चिनी मैत्रिणीला मी मोठ्या उत्साहाने मेसेज पाठवला, 'मला चिनी लिपी फार आवडते.' तिचं उत्तर आलं, 'ये की मग, हवे तेवढे पकडून देते.' दोन मिनिटं काही कळेना. मग लक्षात आलं की मी रोमन अक्षरांत टाइप केलं होतं आणि कीबोर्डने सुचवलेल्या दोन शब्दांपैकी भलताच दाबला होता. 'लिपी' आणि 'डास' या दोन्ही चिनी शब्दांचं रोमन स्पेलिंग एकच आहे. मी तिला कळवलं होतं की मला चिनी डास फार आवडतात.

तेव्हापासून ते अक्षर माझ्या डोक्यात बसलं आहे. पूर्व आशियातल्या भाषा शिकू पाहणारं कुणी आलं की मी सुरुवात त्याच अक्षराने करून देतो. बहुतेक पुस्तकं डोंगर, सूर्य, चंद्र, झाड अशा चित्रासारख्या अक्षरांनी सुरू होतात. ती देखणी असतात, पण चुकीची समजूत करून देतात. चिनी अक्षर म्हणजे चित्र, असं एकदा डोक्यात गेलं की काढायला वर्ष जातं. डासाचं अक्षर चित्र नाही, आणि म्हणूनच ते उपयोगी आहे. ते चिनी, जपानी, कोरियन आणि व्हिएतनामी या चारही भाषांत पोचलं, पण डासाला हाक मारायचा शब्द ज्याने त्याने आपापला ठेवला. हा घोळ नीट उलगडला की बाकीची हजारो अक्षरं कशी वागतात तेही कळू लागतं.

पायरी १ : अक्षर समोर आणा

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन चिनी कीबोर्ड जोडा, 'पिनयिन' नावाचा. मग डब्ल्यू, ई, एन, झेड, आय अशी पाच अक्षरं दाबा. वर दोन-दोन अक्षरांचे काही शब्द दिसतील. ज्या शब्दाच्या पहिल्या अक्षरात डावीकडे एक चपटा चौकोन आणि त्याच्या मधून खाली गेलेली उभी रेघ आहे, तो डास. ज्याच्या पहिल्या अक्षरात डावीकडे काहीच नाही, ती लिपी. डासाच्या शब्दातलं पहिलं अक्षर कॉपी करून नोंदवहीत ठेवा, मोठ्या आकारात. पुढचं सगळं वाचताना ते डोळ्यांसमोर हवं.

एक सोय आपोआप मिळते. चीनमध्ये विसाव्या शतकात अनेक अक्षरं सोपी केली गेली, तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनी रूपं राहिली. डासाला मात्र कुणी हात लावला नाही. बीजिंग, तैपेइ, टोकियो, सोल, सगळीकडे तेच रूप. युनिकोडमध्येही, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, चारही भाषांसाठी त्याचा क्रमांक एकच आहे, ८६८ए. फॉन्टनुसार एखादी रेघ थोडी तिरकी दिसेल, त्याने घाबरून जाऊ नका.

पायरी २ : मधोमध तोडा

डावा भाग अर्थ सांगतो, उजवा भाग उच्चार सांगतो. चिनी अक्षरांतली बहुसंख्य अक्षरं याच पद्धतीने बनलेली आहेत.

डावा भाग 'किड्या'चा. मुळात हे चिन्ह सापाचं होतं, नंतर ते सरपटणाऱ्या, वळवळणाऱ्या, उडणाऱ्या कुठल्याही बारक्या जिवाला लागू लागलं. त्यामुळे मुंगी, माशी, फुलपाखरू यांच्यासोबत साप, बेडूक, कोळंबी आणि वटवाघूळही याच कुटुंबात येतात. इंद्रधनुष्यसुद्धा, कारण जुन्या कल्पनेत तो आकाशातला सापासारखा प्राणी होता. शब्दकोशात अक्षर शोधायचं तर हाच भाग धरायचा. २१४ गटांच्या पारंपरिक यादीत किड्याचा गट १४२ क्रमांकाचा आहे, आणि त्यात उरलेल्या चार रेघांखाली डास सापडतो.

उजवा भाग एक स्वतंत्र अक्षर आहे. त्याचा जुना अर्थ नक्षी. अगदी प्राचीन रूपांत छातीवर गोंदण असलेला माणूस दिसतो. पुढे नक्षीवरून लेखन, लेखनावरून साहित्य आणि संस्कृती असा अर्थ वाढत गेला. इथे मात्र तो अर्थाने आलेला नाही, फक्त आवाजासाठी आला आहे. 'डास अंगावर नक्षी काढतो म्हणून', 'डास हा साहित्यिक किडा म्हणून' असल्या गोष्टी इंटरनेटवर भरपूर मिळतील. लक्षात ठेवायला वापरा हवं तर, पण व्युत्पत्ती म्हणून कुणाला सांगू नका.

खरी गोष्ट त्याहून मजेची आहे. इसवी सन १०० च्या सुमारास शू शन नावाच्या विद्वानाने चिनी अक्षरांचा पहिला मोठा कोश पुरा केला, 'श्वो-वन च्ये-च'. त्यात डासाची व्याख्या आहे, 'माणसाला चावणारा उडता किडा'. पण तिथलं मुख्य रूप आजचं नाही. त्यात खाली दोन किडे शेजारी शेजारी, आणि वर उच्चारासाठी 'लोक' या अर्थाचं अक्षर. दुसरं एक रूप दिलं आहे त्यात 'तिन्हीसांज' हे अक्षर आहे, आणि शू शन कारणही देतो : कारण तो तिन्हीसांजेला बाहेर पडतो. तिसरं रूप म्हणजे आपलं, एक किडा आणि शेजारी नक्षी. त्यापुढे शेरा आहे, 'रूढ, सामान्य लोकांचं'. विद्वानाने नाक मुरडलेलं तेच रूप टिकलं. कमी रेघांचं होतं, यापलीकडे मोठं कारण शोधायला नको. आणि कोशाच्या नावातले 'वन' आणि 'च' जोडले की 'वन-च', म्हणजे लिपी होते; माझ्या मेसेजमध्ये मला म्हणायचा होता तोच शब्द.

पायरी ३ : दहा रेघा

चौकटीच्या वहीत लिहा. चौकटीचा डावीकडचा साधारण दोन-पंचमांश भाग किड्याला द्या.

पहिली रेघ, छोटी उभी. दुसरी, तिच्या माथ्यापासून उजवीकडे जाऊन खाली वळणारी, न उचलता एकच. तिसरी, खालची आडवी. चपटा चौकोन बंद झाला. चौथी, चौकोनाच्या मधून सरळ खाली उतरणारी. पाचवी, तिच्या तळाशी डावीकडून उजवीकडे किंचित वर चढणारी. ही आडवी सपाट काढली की किडा शेजारच्या भागावर आदळतो, म्हणून चढती. सहावी, शेवटी उजवीकडे एक टिंब.

आता उजवा भाग. सातवी रेघ टिंब, आठवी त्याखाली आडवी. मराठी हाताला ही शिरोरेषा वाटते, तशीच काढा, पण शब्द झाल्यावर नव्हे, आधी. नववी रेघ शिरोरेषेखालून डावीकडे तिरकी खाली, दहावी तिला छेदून उजवीकडे खाली, शेवटी थोडी जाड. मराठीत फुली मारतो तसे दोन पाय.

लिहून झाल्यावर दोन सारख्या दिसणाऱ्या अक्षरांशी ताडून बघा. चीनमधली सोपी केलेली मुंगी डासाला इतकी जवळची आहे की घाईत मीही चुकतो : तिच्या उजव्या भागात टिंब आणि फुली आहे, पण शिरोरेषा नाही. दुसरं अक्षर एका पाण्यातल्या ड्रॅगनचं. त्यात शिरोरेषेखाली, पायांच्या वर, दोन जास्तीच्या छोट्या रेघा असतात. डासाचा ड्रॅगन होणं वाचायला बरं वाटतं, पण गृहपाठात गुण जातात.

पायरी ४ : बीजिंगचा डास

प्रमाण चिनीत, म्हणजे मँडरिनमध्ये, अक्षराचा उच्चार 'वन'. स्पेलिंगमध्ये 'ई' दिसतो म्हणून 'वेन' म्हणू नका. आपल्या 'वन'मधला अ त्याला कितीतरी जवळचा आहे; फक्त व म्हणताना ओठांचा चंबू करा. सूर दुसरा, म्हणजे खालून वर जाणारा. आश्चर्याने 'काय?' विचारताना आवाज चढतो ना, तसा.

बोलताना मात्र एकटं 'वन' कुणी म्हणत नाही. पुढे एक हलका प्रत्यय लागतो आणि 'वन-च' होतं. इथे मराठी माणसाला आयती गंमत मिळते. स्पेलिंगमध्ये 'झेड' असला तरी तो झ नाही. तो आपला 'चूल', 'चटणी' मधला च आहे, 'चहा'तला नव्हे. हा च हिंदीत नाही, म्हणून हिंदी माध्यमातून शिकणाऱ्यांना तो शिकवावा लागतो. आपल्याला तो आईच्या स्वयंपाकघरातून आलेला आहे. स्वर अगदी पुसट ठेवा, जीभ दातांच्या मागे तशीच राहू द्या.

आता माझी चूक. डासातला शेवटचा 'च' सूरहीन, हलका, तोंडातून निसटल्यासारखा. लिपीतला शेवटचा 'च' चौथ्या सुराचा, वरून खाली आपटणारा, 'बस्!' म्हणून दरडावतो तसा. दोन्हींत पहिलं अक्षर 'वन' आणि सूरही तोच. फरक आहे तो शेवटच्या अर्ध्या सेकंदात. हे दोन शब्द आलटून पालटून वीस वेळा म्हणा. सूर म्हणजे काय, हे समजायला मला तरी यापेक्षा चांगला व्यायाम सापडलेला नाही.

एक डास म्हणायचं तर मध्ये गणनेचा शब्द लागतो, 'ई च्र वन-च'. आणि अक्षराचा खरा उपयोग दिसतो तो शास्त्रीय नावांत. मलेरियावाला ॲनोफिलिस म्हणजे 'आन-वन', क्युलेक्स 'खू-वन', डेंग्यूवाला एडिस 'ई-वन'. परदेशी नावातला एखादा तुकडा पुढे घेतला आणि मागे डासाचं अक्षर लावलं, झालं. प्रत्यय 'च' इथे गळून पडतो, कारण जोडशब्दात अक्षर स्वतःच्या पायावर उभं राहतं.

म्हणी आणि वाक्प्रचार भरपूर आहेत. 'डास जमले की मेघगर्जना होते', म्हणजे अनेकांची कुजबुज मिळून मोठा आवाज उठतो. 'डासाची तंगडी म्हणजेही मांसच', थोडं मिळालं तरी सोडू नये. आणि तैवानमध्ये सरकारी पैशाने बांधून ओस पडलेल्या इमारतीला 'डास-भवन' म्हणतात, तिथे डासच राहतात म्हणून. हा शब्द मराठीत ताबडतोब आयात करावा असं माझं मत आहे.

आपल्याकडून गेलेला एक धागाही इथे आहे. संस्कृत बौद्ध ग्रंथांत त्रास देणाऱ्या किड्यांची जोडी येते, दंश आणि मशक. चिनी भाषांतरकारांनी तिथे 'वन-मंग' वापरलं, डास आणि गोमाशी. त्या 'दंश'चाच पुढे आपल्याकडे 'डास' झाला.

पायरी ५ : दक्षिणेकडे उतरा

अनेक जण ही पायरी गाळतात आणि मग जपानी, कोरियन उच्चार पाठ करत बसतात. गाळू नका.

हाँगकाँगमध्ये कँटनीज बोलतात. तिथे डास म्हणजे 'मन'. आपल्या 'मना'तला म आणि अ, सूर वरच्या पट्टीत सपाट. हाक्का बोलीत 'मुन'. शांघायच्या बोलीत तर मजाच आहे : डासाचं अक्षर 'मन' राहिलं आणि त्याच्या उजव्या भागाचं स्वतंत्र अक्षर मात्र व कडे सरकलं. म्हणजे बीजिंगमध्ये जिथे व ऐकू येतो, तिथे दक्षिणेत म. हा म जुना आहे, व नंतरचा. ही एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

हाँगकाँगच्या बाजारात गेलात तर 'सप मन' ऐकाल, आणि हाताने लिहिलेल्या पाटीवर कधी कधी दहाच्या आकड्यापुढे चक्क डासाचं अक्षर दिसेल. दहा डास नव्हेत, दहा डॉलर. जुन्या तांब्याच्या नाण्याला उजव्या भागाचं, नक्षीचं अक्षर वापरत. बोलीत त्याचा सूर बदलला, डासाशी जुळला, आणि लोकांनी डास लिहायला सुरुवात केली. कँटनीज बोलणाऱ्यांचं डासावर विशेष प्रेम दिसतं. दोन गोष्टींची तुलनाच होऊ शकत नाही असं म्हणायचं तर 'डासाची मांडी आणि बैलाची मांडी'. कुणी फार उशीर करत असेल तर 'मन तोउ फन', तोवर डाससुद्धा झोपतील.

तैवान आणि फुच्येनच्या होक्कियन बोलीत मात्र डास 'बांग' किंवा 'बांग-आ'. इथे सापळा आहे. लोक हा शब्द लिहिताना कधी डासाचं आपलं अक्षर वापरतात, पण शब्द त्या अक्षराचा नाही. तो दुसऱ्याच अक्षराचा आहे, मँडरिनमध्ये ज्याचा अर्थ चिलट. तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची शिफारसही त्या दुसऱ्या अक्षराचीच आहे.

पायरी ६ : म, ब आणि व

आता नोंदवहीत एक आडवी ओळ काढा आणि डासाच्या अक्षराचे चिनी वळणाचे उच्चार लिहा. कँटनीज मन, कोरियन मुन, जपानी मोन आणि बुन, व्हिएतनामी वान, मँडरिन वन. शेवट सगळ्यांचा न. सुरुवातीला म, ब, व. तिन्ही ओठांचे आवाज.

हे असं का झालं? अक्षरं वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या बंदरांतून निघाली म्हणून. जपानमध्ये पहिली खेप पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपास आली, दक्षिण चीनच्या वळणाची. तिच्यात म होता, म्हणून 'मोन'. पुढे सातव्या ते नवव्या शतकात जपानी राजदूत आणि भिक्षू थेट चीनच्या तांग राजघराण्याच्या राजधानीला, चांगआनला जाऊन शिकून आले. तोवर राजधानीतला म ब कडे झुकला होता. त्यांनी 'बुन' आणला. व्हिएतनामने तांग काळाच्या उत्तरार्धात उचललेलं वळण जपलं, तेव्हा व सुरू झाला होता. कोरियनने म धरून ठेवला. बीजिंगमध्ये व चा ओठ गोल करून आजचा 'व' झाला.

नियम एकट्या डासाचा नाही, त्याच साच्यातल्या कितीतरी अक्षरांचा आहे. 'बान्झाई' ही जपानी घोषणा ऐकली असेल. शब्दशः 'दहा हजार वर्षं'. तीच अक्षरं कोरियनमध्ये 'मान्से', मँडरिनमध्ये 'वान-स्वेइ', व्हिएतनामीत 'वान त्वे'. ब, म, व, व. आणि मघाचं तांब्याचं नाणं : चीनमध्ये वन, व्हिएतनाममध्ये वान, कोरियात मुन, जपानमध्ये मोन. चार देशांचं जुनं चलन एका अक्षराचं, आणि जपानमध्ये १८७१ साली येन येईपर्यंत ते मोन चालत होतं.

पायरी ७ : जपानी, आणि इथे थोडं थांबायचं

जपानीत डास म्हणजे 'का'. बस, एवढंच. एक अक्षर, एक उच्चार, आणि त्याचा मन, मुन, बुन यांच्याशी काडीचा संबंध नाही.

जपानी लोकांकडे डासासाठी शब्द आधीपासून होताच. चीनहून आलं ते अक्षर. त्यांनी अक्षर घेतलं आणि त्यावर आपला शब्द वाचू लागले. हे विचित्र वाटत असेल तर '2' हा इंग्रजी आकडा बघा. मराठी माणूस 'दोन' वाचतो, गुजराती 'बे', तेलुगू 'रेंडु'. चिन्ह एकच. जपानी लोकांनी आकड्यांपुरतं नाही, सगळ्या भाषेभर हे केलं.

पण चिनी उच्चारही सोडला नाही. तो जोडशब्दांत राहिला. आपल्याकडे दात दुखतो, पण आपण जातो दंतवैद्याकडे. पाणी पितो, पण पोहण्याच्या तलावावर पाटी 'जलतरण'. तसंच जपानी माणसाला चावतो 'का', पण डोळ्यांसमोर काळे ठिपके तरंगू लागले की नेत्रतज्ज्ञ म्हणतात 'हि-बुन-शो', उडत्या डासांचा विकार. त्यातला 'बुन' म्हणजे आपलं अक्षर. हीच तीन अक्षरं चीनमध्ये 'फेइ-वन-चंग' आणि कोरियात 'बि-मुन-जंग' होतात. सहाव्या पायरीतला नियम इथे ताडून बघा.

जपानी सरकारच्या रोजच्या वापरातल्या अक्षरांच्या यादीत, २०१० च्या आवृत्तीत २१३६ अक्षरं आहेत. त्यात डास आहे, आणि त्यापुढे वाचन फक्त 'का' दिलं आहे. सुरुवातीला तेवढंच शिका.

मराठीभाषकांसाठी दोन भेटवस्तू. पहिली : जपानीत प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी 'का' लागतो, आपल्यासारखाच. त्यामुळे 'डास आहे का?' हे होतं 'का देस का?'. पुण्यात जपानी शिकणारी मुलं पहिल्याच आठवड्यात हे वाक्य शोधून काढतात आणि महिनाभर सोडत नाहीत. दुसरी : 'का' म्हणजे डास आणि 'गा' म्हणजे रात्री दिव्याभोवती फिरणारा पतंग. क आणि ग, वर्गातला पहिला आणि तिसरा.

फोनवर नुसतं 'का' टाइप केलं तर अक्षरांची लांबलचक रांग लागते आणि डास तिच्यात कुठेतरी लपतो. म्हणून पूर्ण शब्द टाइप करावा. 'कातोरी सेन्को', डास मारायची उदबत्ती, असं दिलं की अचूक मिळतं. 'काया' म्हणजे मच्छरदाणी. हिच्यात डास आणि पडदा अशी दोन अक्षरं आहेत, पण कुठल्या अक्षराला 'का' आणि कुठल्याला 'या' असं वाटून देऊ नका. दोन्ही मिळून 'काया', असं एकत्र पाठ करायचं. हिच्यावरूनच 'काया नो सोतो', मच्छरदाणीच्या बाहेर, म्हणजे ज्याला मुद्दाम काही सांगितलं जात नाही असा माणूस. आणि अगदी क्षीण आवाजात बोलणाऱ्याचा आवाज 'डास गुणगुणल्यासारखा'.

वर 'बुन'बद्दल बोललो त्याचा सगळ्यात सुंदर वापर अठराव्या शतकाच्या अखेरचा आहे. १७८७ ते १७९३ या काळात मात्सुदाइरा सादानोबु या मुख्य प्रशासकाने काटकसरीच्या आणि शिस्तीच्या सुधारणा लादल्या. सामुराईंनी विद्या आणि शस्त्र, जपानीत 'बुन-बु', यांचा अभ्यास करावा असा त्याचा सतत धोशा. तेव्हा एक उपहासाची कविता लोकांच्या तोंडी बसली. ती ओता नानपो या विनोदी कवीच्या नावावर सांगितली जाते. आशय असा : जगात डासाइतकं त्रासदायक काही नाही, रात्रभर 'बुंबु, बुंबु' करतो आणि झोपू देत नाही. 'का होदो' म्हणजे 'डासाइतकं', आणि 'एवढं'सुद्धा. 'बुंबु' म्हणजे गुणगुण, आणि 'विद्या व शस्त्र'सुद्धा. आणि त्या विद्येचं 'बुन' हे अक्षर कोणतं? डासाचा उजवा भाग. दुसरी पायरी नीट केली असेल तर हा विनोद तुम्हाला आता समजावून सांगावा लागणार नाही.

पायरी ८ : कोरियन

कोरियनमध्ये डास 'मोगी'. अस्सल कोरियन शब्द, हांगुल लिपीत लिहितात, चिनी अक्षराशी त्याचं नातं नाही. 'मुन' आणि 'मोगी' दोन्ही म पासून सुरू होतात हा योगायोग. नवशिके इथे हमखास धागा जोडतात.

मग अक्षर कुठे आहे? शब्दकोशात. कोरियन लोक चिनी अक्षराचं नाव घेताना आधी अर्थ सांगतात, मग उच्चार. आपलं अक्षर 'मोगी मुन', म्हणजे 'डास, वाचायचं मुन'. आपण लहानपणी 'ग गवताचा' म्हणतो, त्या जातीची सोय. रोजच्या वापरात दिसेल ते मिश्र : 'मोगी-जांग' म्हणजे मच्छरदाणी, 'मोगी-ह्यांग' म्हणजे डासांची उदबत्ती. पुढचा अर्धा कोरियन, मागचा चिनी.

अक्षराचा उच्चार ऐकायचा असेल तर चार अक्षरांचा एक वाक्प्रचार शिका, 'ग्यॉन-मुन-बाल-गॉम'. डास बघून तलवार उपसणं. क्षुल्लक गोष्टीवर तांडव करणाऱ्या माणसासाठी. कार्यालयात उपयोगी.

आणि एक म्हण : 'चॉसॉ' उलटला की डासाचं तोंडही वाकडं होतं. चॉसॉ म्हणजे चिनी पंचांगातल्या २४ टप्प्यांपैकी उन्हाळा ओसरण्याचा टप्पा, साधारण २३ ऑगस्ट. कोरियात तोवर डास थकतात. आपल्याकडे त्याच सुमाराला गणपतीची आरती डास मारत म्हणायची वेळ येते, म्हणून ही म्हण मुंबईत वापरू नका.

पायरी ९ : व्हिएतनामी

बोलण्यातला शब्द 'मुओइ', पुढे प्राण्यांचा गणनाशब्द लावून 'कोन मुओइ'. हाही देशी, इथलाही म योगायोगाचा. चिनी वळणाचा उच्चार 'वान' शब्दकोशात आहे, पण हनोईच्या रस्त्यावर 'वान' म्हटलं तर ऐकणाऱ्याला साहित्य आठवेल, डास नाही. १०७० साली स्थापन झालेलं तिथलं प्रसिद्ध साहित्यमंदिर 'वान म्येउ', त्यातलं 'वान' पुन्हा तेच, डासाचा उजवा भाग. व्हिएतनामी आता रोमन लिपीत लिहिली जाते, चिनी अक्षरांच्या सरकारी परीक्षा १९१९ साली संपल्या. त्यामुळे ही पायरी छोटी. फक्त एक बोलीतला शब्दप्रयोग घेऊन ठेवा, 'मुओइ दोत इनोक्स' : स्टेनलेस स्टीलला डास चावला. म्हणजे ढिम्म परिणाम नाही.

पायरी १० : उदबत्तीचं पाकीट

आता परीक्षा. कासवछाप उदबत्ती आपल्या घरोघरी जळते, ती गोल वेटोळ्याची कल्पना जपानची. वाकायामा प्रांतातल्या उएयामा एइइचिरो यांनी १८९० साली डासांसाठी सरळ काडीची उदबत्ती तयार केली. ती फार लवकर जळून जायची. १८९५ साली त्यांची पत्नी युकी हिने वेटोळं करायला सुचवलं, आणि १९०२ साली ती बाजारात आली. लांबी वाढली, जागा तेवढीच, रात्रभराची निश्चिंती.

पूर्व आशियातल्या कुठल्याही दुकानातल्या अशा पाकिटाचा फोटो इंटरनेटवर शोधा आणि वाचायला बसा. चिनी पाकिटावर दोन अक्षरं, 'वन-श्यांग'. पहिलं तुमच्या ओळखीचं, दुसरं सुगंधाचं. जपानी पाकिटावर डासाचं अक्षर 'का' वाचा, मग 'पकडणे', मग 'सेन्को'. त्यातला शेवटचा 'को' म्हणजे तोच सुगंध. कोरियन पाकिटावर हांगुलात 'मोगी-ह्यांग', अक्षर दिसणार नाही पण 'ह्यांग' ऐकू येईल. व्हिएतनामी पाकिटावर रोमन लिपीत 'ह्युओंग मुओइ', दक्षिणेकडे 'न्यांग मुओइ', आणि इथे क्रम उलटा, आधी सुगंध मग डास. श्यांग, को, ह्यांग, ह्युओंग ही नवी ओळ वहीत डासाच्या ओळीखाली मांडा.